म्हाताऱ्या झाडाची काडी: जुने आंबे-फणस कलमानं कसे राखायचे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परड्यात एक शेप्या आंबा होता. फळ लहान, मुठीत मावणारं. कोय मोठी, धागा भरपूर. पण चोखायला तोंडाशी नेला की शेपूच्या भाजीसारखा वास नाकात शिरायचा आणि मागून मधासारखा रस यायचा. आज्जी मोहरी-खोबरं लावून सासव करायची ते ह्याच आंब्याचं. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं ते झाड मुळासकट आडवं झालं. त्याच आठवड्यात आम्ही त्याच्या कोयी परड्यात लावल्या. तीन रुजल्या, एक जगली, आठव्या वर्षी तिला फळ धरलं. फळ मोठं होतं, पिवळंधमक होतं, आणि आंबट होतं. शेपूचा वास तर नावालाही नाही. आज्जीनं एक फोड खाल्ली, ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "ह्यो त्यो न्हवे."

पुढं बेळगावात एका नर्सरीत काम करणाऱ्या आण्णांना मी ही हकिगत सांगितली. ते कन्नडिग, मराठी आपल्या सीमेवरची. म्हणाले, "तम्मा, कोय लावलास म्हणजे त्याचं लेकरू आणलास. झाडच पाहिजे होतं तर काडी आणायची होतीस." मग त्यांनी मला जे शिकवलं ते, आणि नंतरच्या काही पावसाळ्यांत हातून कलमं मेली-जगली त्यातून जे कळलं ते, इथे सांगतो. आपल्याकडच्या बांधांवर, परड्यांत, देवळांच्या मागे असे किती तरी आंबे-फणस अजून उभे आहेत, आणि त्यातला एकेक दर वर्षी जातोय. बेळगाव-खानापूर रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची मोठमोठी झाडं गेली, ती आपण सगळ्यांनी बघितली.

लेकरू आणि झाड

आंब्याच्या मोहोरात दोन तऱ्हेची फुलं असतात. काही नुसती नर, काहींत नर आणि मादी दोन्ही अंगं. माश्या, मधमाश्या आणि बारीक किडे ह्या झाडावरून त्या झाडावर फिरतात आणि पराग नेतात. त्यामुळे ज्या झाडाला फळ लागलं ते आई, एवढंच नक्की असतं. बाप शेजारच्या बांधावरचा खोबऱ्या असेल, नाही तर कुणाच्या बागेतला तोतापुरी. आता गंमत अशी की फळाची साल आणि गर हे आईच्याच अंगाचे भाग. म्हणून एका झाडाचे सगळे आंबे चवीला सारखे लागतात. कोयीतला कोंब मात्र नवीन जीव. त्यात अर्धं आईचं, अर्धं बापाचं. तो मोठा होऊन स्वतःचं फळ देईल तेव्हा त्याचा गर त्याच्या स्वतःच्या अंगाचा असेल. गोड झाडाची कोय लावून आंबट आंबा मिळतो तो ह्यामुळे. कधी कधी आईपेक्षा सरस फळही मिळतं. आपले सगळे नामी रायवळ असेच कधी तरी कोयीतून आलेले आहेत. पण ते हाती लागणं नशिबाचं, आणि फळ बघायला सात-आठ वर्षं थांबावं लागतं.

ह्याला अपवाद आहेत. काही झाडांच्या एकाच बीमधून दोन-तीन कोंब फुटतात आणि त्यातले बरेचसे परागाशिवाय, निव्वळ आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. कागदी लिंबाचं असं होतं, म्हणून लिंबाचं रोप बहुतेक वेळा आईसारखंच निघतं. गोवा-केरळच्या किनाऱ्यावरचे काही आंबेही असे आहेत. हापूस त्यातला नव्हे. पपनसही नव्हे: पपनसाच्या बीमध्ये एकच कोंब असतो, म्हणून आत गुलाबी आणि गोड असलेल्या पपनसाचं बी लावलं तरी कडवट फळाची तयारी ठेवावी लागते.

म्हणजे जुनं झाड जसंच्या तसं पाहिजे असेल तर त्याच्या अंगाचा जिवंत तुकडा घेऊन तो वाढवायला पाहिजे. तुकड्याला स्वतःची मुळं फोडायला लावणं ही एक वाट: गुटी (झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळं आणणं), दाब कलम (फांदी न तोडता मातीत दाबणं), छाट कलम (तोडलेली काडी मातीत खोचणं). दुसऱ्याच्या मुळांवर तो तुकडा बसवणं ही दुसरी, आणि आंबा-फणसासाठी कामाची तीच. आंब्याची फांदी नुसती मातीत खोचली तर ती मुळं धरत नाही म्हटलं तरी चालेल.

दोन हिरवे थर

मराठीत कलम, कन्नडात कसी. शब्द कुठलाही घ्या, आत घडतं ते एकच. कोवळ्या फांदीवर नख ओढून बघा. वरची पातळ साल निघते आणि खाली हिरवं दिसतं. त्याच्याही आत, साल लाकडापासून सुटते त्या जागी बोटाला ओलसर, बुळबुळीत लागतं. तिथे वाढीचा थर असतो, शास्त्रात त्याला कॅम्बियम म्हणतात. जेमतेम काही पेशींच्या जाडीचा हा थर झाडाचा बुंधा जाड करतो. आतल्या बाजूला तो पाणी वर नेणाऱ्या नळ्या तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला पानांतलं अन्न खाली आणणाऱ्या नळ्या.

कलम बांधायचं म्हणजे खालच्या रोपाचा हा थर आणि वरच्या काडीचा हा थर एकमेकांना टेकवायचे आणि हलू द्यायचे नाहीत. खालच्या रोपाला आपण खुंट म्हणू, वरच्या तुकड्याला काडी. कापल्या जागी दोन्हीकडून मऊ, पांढरट पेशींचा गोळा वाढतो, आपल्या जखमेवर खपली धरते तसा. दोन्ही गोळे मिळतात, त्यातूनच नवा वाढीचा थर जोडला जातो, नव्या नळ्या तयार होतात आणि खुंटाचं पाणी काडीत चढायला लागतं. ह्याला आंब्यात दोन-तीन आठवडे लागतात.

ह्या दोन-तीन आठवड्यांत काडीला पाणी कुठून मिळतं? कुठूनच नाही. अंगात साठलेल्या ओलाव्यावर ती तग धरते. हे एकदा मनात बसलं की कलमाचे सगळे नियम आपोआप कळतात, पाठ करावे लागत नाहीत. काडीची पानं का काढायची? पानांतून पाणी उडतं म्हणून. पातं धारदार का? वेडावाकडा काप दोन ठिकाणीच टेकतो आणि मधली फट वाळते म्हणून. पट्टी घट्ट का, पावसाळाच का, सावली का? उत्तर तेच. माझी पहिली नऊ कलमं गेली. मी भाजीच्या सुरीनं, उन्हात, निवांत बसून ती बांधली होती.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. जोड लागला तरी दोन झाडं मिसळून एक होत नाहीत. जोडाच्या खाली कायम खुंटाचंच झाड, वर कायम काडीचं. म्हणून खालून फुटणारा धुमारा जोमानं वाढतो म्हणून कौतुकानं ठेवला, तर पुढं त्याला त्याचीच फळं लागतात आणि वरची काडी सुकते. दुसरं म्हणजे, काडीला वयाची आठवण असते. फळ देणाऱ्या झाडाची काडी वयात आलेली असते, ती रोपावर बसली तरी तिला पुन्हा लहानपण काढावं लागत नाही. म्हणून कलमी आंबा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर दाखवतो. तो मोहोर खुडून टाकायचा, हे मात्र मन घट्ट करून करायला लागतं. पहिली तीन वर्षं झाडाला अंग धरू द्यावं.

कोण कुणावर बसतं ह्याला नात्याची मर्यादा आहे. आंब्यावर आंबा, फणसावर फणस, बोरीवर बोर. लिंबू, संत्रं, पपनस ही एका घरातली, त्यांची आपसात जमतात. आंब्यावर फणस बसवल्याच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर ऐकून सोडून द्याव्यात. नारळ, सुपारी, केळ ह्यांच्या बुंध्यात असा सलग वाढीचा थरच नसतो, त्यामुळे त्यांची अशी कलमं होत नाहीत.

ही विद्या नवी नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडांवर एक अध्याय लिहिलाय. त्यात फणस, जांभूळ, डाळिंब, महाळुंग अशा झाडांच्या फांद्या शेणानं लिंपून लावायच्या आणि दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा बुंध्यावर बसवायच्या, असं सांगितलंय. आंब्याच्या कलमांना आपल्या भागात जोर आला तो पोर्तुगीजांच्या काळात. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला आणि तिथल्या पाद्र्यांनी निवडक आंब्यांची कलमं वाढवली. अफोन्सो ह्या पोर्तुगीज नावाचा हापूस झाला. चोर्ल्याच्या घाटाखाली गोव्यात मानकुराद आणि मुसराद हे आंबे आजही तसेच टिकून आहेत, कारण कुणी तरी दर पिढीला त्यांची काडी पुढं नेली. आपल्या शेप्याची काडी कुणी नेली नाही.

काडी कशी निवडावी

कलम फसतं ते बहुतेक वेळा बांधण्यात नाही, काडीत. काडी तीन-चार महिने वयाची हवी, पेन्सिलीएवढी जाड, दहा-पंधरा सेंटिमीटर लांब. रंग हिरवा जाऊन किंचित करडा व्हायला लागलेला. टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही. नुकतीच आलेली तांबूस पालवी फार कोवळी, ती काळी पडते. गेल्या वर्षीचं टणक लाकूडही नको. मोहोर येऊन गेलेलं टोक घेऊ नये. काडी झाडाच्या बाहेरच्या, ऊन लागणाऱ्या बाजूची घ्यावी. आतल्या सावलीतल्या लांबलचक काड्या दिसायला सरळ असतात, पण अंगात काही नसतं.

आणि एक युक्ती, जी मला आण्णांनी शेवटी शेवटी सांगितली. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं झाडावरच असताना कापून टाकायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ पिवळे होऊन गळायला लागतात आणि टोकाचा डोळा टच्च फुगतो. मग काडी काढायची. अशी काडी बांधल्यावर लवकर फुटते. त्यासाठी झाडाकडे दोनदा जावं लागतं. परगावचं झाड असलं की हे जिवावर येतं, पण जावं.

काढलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून केळीचं सोपट बांधून सावलीत ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. झाड दुसऱ्याचं असेल तर आधी मालकाला विचारावं. भीमगडसारख्या अभयारण्यातल्या झाडाला तर परवानगीशिवाय हात लावू नये.

कोय कलम, जसं आम्ही बांधतो

कोय कलम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामुळे घराघरांत पोचलं आणि घाटावरच्या आपल्या दमट पट्ट्याला ते चांगलं मानवतं. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी घ्यायच्या. आंब्याची कोय धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही, महिनाभरात तिचा जीव जातो. पाण्यात टाकून बघायच्या: बुडल्या त्या घ्यायच्या, तरंगल्या त्या टाकायच्या. ओलसर माती-वाळूच्या वाफ्यात त्या दाटीनं पुरायच्या. कोंब वर येतो तेव्हा त्याची पानं तांब्याच्या रंगाची असतात. रोप दहा-पंधरा दिवसांचं, अजून तांबूस आहे, दांडा टचटचीत आहे, तेव्हाच त्यावर कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की कोय कलमाची वेळ टळली. मग रोप वाढू द्यायचं आणि पुढच्या वर्षी त्याच्या कोवळ्या वाढीवर बांधायचं, त्याला मृदकाष्ठ कलम म्हणतात.

रोप कोयीसकट अलगद उपटायचं. कोय तुटली तर ते रोप सोडायचं, कारण नव्या जोडाला पहिली शिदोरी कोयीतूनच मिळते. कोयीपासून चार बोटं दांडा ठेवून शेंडा कापायचा आणि उरलेल्या दांड्याला मधोमध, वरून खाली, तीन-चार सेंटिमीटर चीर द्यायची. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून तेवढीच लांब पाचर करायची. एका ओढीत तासावी. दोनदा-तीनदा घासली की पृष्ठभाग उंचसखल होतो. पातं आधी स्पिरिटनं पुसलेलं असावं. पाचरीच्या तासलेल्या भागाला बोट लावायचं नाही.

पाचर चिरेत बसवली की महत्त्वाची गोष्ट येते. काडी आणि दांडा सारख्या जाडीचे असतील तर दोन्हीकडची साल सालीला आपोआप जुळते. काडी बारीक असेल तर तिला मधोमध बसवण्याचा मोह होतो, दिसायला ते नीट दिसतं. तसं केलं तर एकाही बाजूचा हिरवा थर जुळत नाही. अशा वेळी काडी एका कडेला सरकवायची आणि निदान त्या एका बाजूची साल सालीला भिडवायची. दुसरी बाजू उघडी दिसली तरी कलम लागतं. मग दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी खालून वर, ताण देत, एकावर एक वेढे घेत बांधायची, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरत नाही.

बांधलेलं रोप माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत लावायचं, जोड मातीच्या वर ठेवून. काडीवर लांबट पारदर्शक पिशवी टोपीसारखी घालून खाली सैल बांधायची. पोरं खातात त्या बर्फाच्या पेप्सीची रिकामी पिशवी धुऊन घेतली तरी काम होतं. आत दमटपणा धरून राहतो. पिशव्या सावलीत ठेवायच्या आणि रोज उचलून, हलवून बघायचा मोह आवरायचा. दोन-तीन आठवड्यांनी डोळा फुटून तांबूस टोक दिसलं की टोपी काढायची, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी.

जुन्या माळ्यांकडे भेट कलम असायचं. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांची साल थोडी तासून एकत्र बांधायची, आणि दोन-तीन महिन्यांनी जोड पक्का झाला की काडी खालून आणि रोप वरून कापायचं. दोन्हीकडे मुळं शाबूत असल्यामुळे काहीच वाळत नाही, म्हणून यश जास्त. पण उंच झाडाला माच बांधून कुंड्या वर चढवायच्या आणि रोज पाणी घालायचं, हे आता कोण करणार? तरी एकच झाड आहे आणि ते कुठल्याही परिस्थितीत वाचवायचं आहे, अशा वेळी मी भेट कलमच करीन.

आंब्याखेरीज

फणसाला कोवळ्या रोपावरचं कलम चालतं, फक्त दोन गोष्टी आड येतात. एक चीक. काप घेतला की तो तोंडावर येऊन साकळतो आणि दोन थरांमध्ये पडदा होतो. स्वच्छ फडक्यानं पुसत, भरभर काम उरकायचं. दुसरं सोटमूळ, ते इतकं नाजूक की लहान पिशवीत वळलं तर पुढं झाड जोम धरत नाही. उंच पिशवी घ्यायची आणि आठळ्या ताज्याच लावायच्या.

कोकमाची मला फार ओढ आहे. कणकुंबी, जांबोटीकडे आपण भिरंड म्हणतो, कन्नडात मुरुगल. ह्याची नर झाडं वेगळी, मादी वेगळी. बी लावून वाढवलेल्या रोपांतली साधारण अर्धी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. एवढी वर्षं पाणी घातलं आणि फळच नाही, असं कितीतरी घरांत झालंय. मादी झाडाची काडी बांधली की हा प्रश्नच मिटतो. पण इथे आणखी एक गुंता आहे. कोकमाच्या आडव्या फांदीची काडी घेतली तर कलमही आडवंच वाढतं, जमिनीलगत पसरतं, खोड धरत नाही. काडीला फांदी असल्याचीच सवय राहते. म्हणून उभ्या, शेंड्याकडे जाणाऱ्या वाढीचीच काडी घ्यायची. ती झाडावर थोडी असते आणि उंचावर असते. आसपास एखादं नर झाड असावं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना त्याची काळजी नाही.

चिंच कलमानं किंवा डोळा भरून (काडीऐवजी तिचा एकच डोळा सालीसकट खुंटात बसवून) होते. गाभुळलेली असताना लाल दिसणारी रक्ती चिंच, नाही तर गोडसर चिंच कुणाकडे असेल तर तिच्यासाठी हे करावंच. रानबोरीवर चांगल्या बोराचा डोळा भरतात. पेरू आणि डाळिंबाला तर खुंटाची गरजच नाही, गुटी बांधायची. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या फांदीची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद साल गोल कापून काढायची आणि खालचं लाकूड पात्यानं खरवडायचं, म्हणजे तो बुळबुळीत थर उरत नाही. उरला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट. पानांनी केलेलं अन्न खाली उतरताना त्या कापावर अडतं आणि तिथं मुळं फुटतात. महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात. मग फांदी एकदम न कापता आधी अर्धी, आठवड्यानं पूर्ण कापायची. महाळुंगाची जाडसर काडी तर नुसती ओल्या मातीत खोचूनही मुळं धरते.

कणकुंबी आणि अथणी

एकाच बेळगाव जिल्ह्यात दोन टोकं आहेत. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, आणि अथणीकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. पुस्तकात दिलेला महिना दोन्हीकडे चालत नाही. घाटाकडच्यांना दमटपणाची चिंता नाही, त्यांना भीती सडण्याची. त्यांनी पिशव्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली ठेवाव्यात, पिशवीला भोकं जास्त पाडावीत आणि मुसळधार आठवडे टाळावेत. निपाणी, चिकोडीच्या काळ्या रानात पाणी साचतं, तिथे कलम वरंब्यावर लावावं.

अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात मी जागेवर कलम करायला सांगीन. जिथे झाड हवं तिथेच खड्डा भरून दोन-तीन कोयी लावायच्या. पिशवीत न अडकल्यामुळे सोटमूळ सरळ खोल जातं. पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर, हवेत ओल असते त्या दिवसांत त्यातल्या चांगल्या रोपावर काडी बांधायची. असं झाड उन्हाळ्यात पाण्याविना जास्त तग धरतं. गोकाकजवळच्या आरभावीला बागलकोट उद्यान विद्यापीठाचं कॉलेज आहे. त्या भागातल्या कुणाला प्रत्यक्ष हात धरून शिकायचं असेल तर तिथे चौकशी करावी. पात्याची धार आणि ताणाची पट्टी हे वाचून येत नाही, बघून येतं.

झाड फारच म्हातारं असेल तर

जुन्या झाडाला कामाची काडी मिळतच नाही, हा नेहमीचा अनुभव. सगळी वाढ थकलेली, टोकं बारीक. अशा वेळी पाऊस संपता संपता दोन-तीन मध्यम फांद्या छाटायच्या आणि कापाला बुरशीनाशकाचा लेप द्यायचा. तिथून नवे, जाड धुमारे फुटतात. ते तीन-चार महिन्यांचे झाले की काडी तयार. म्हातारं झाड म्हणून काडीही म्हातारी, असं समजू नये. धुमारा जोमदार असला की कलमही जोमदार होतं.

आणि आमचा शेप्या पडला त्या दिवशीसुद्धा वेळ गेलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. उन्मळून पडलेल्या झाडाच्या काड्या एक-दोन दिवस जिवंत असतात. आम्ही लाकूड मोजत बसलो त्याऐवजी पन्नास-साठ काड्या काढून ओल्या फडक्यात बांधल्या असत्या आणि कुठल्याही नर्सरीतून रायवळ रोपं आणून त्यावर बांधल्या असत्या, तर त्यातल्या चार तरी लागल्या असत्या. तुमच्याकडे वाऱ्यानं झाड गेलं किंवा रस्त्यासाठी खुणा पडल्या, तर कुऱ्हाडीआधी काडी काढा.

नाव आणि वही

कलम बांधलं की त्याच दिवशी पट्टीला नाव अडकवावं. नुसतं "गोड आंबा" नव्हे. कुणाच्या परड्यातला, कुठल्या गावचा, फळ कधी पिकतं, कशासाठी वापरतात: लोणच्याला, सासवाला, साटांना. दोन पावसाळ्यांनी सगळी कलमं सारखी दिसायला लागतात. आणि एका झाडाची निदान तीन कलमं तीन वेगळ्या घरांत जाऊ द्यावीत.

अशा नोंदीला पुढं मोलही येतं. तुमकूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी वडिलांनी लावलेला एक फणस होता, लहान फळाचा आणि तांबड्या गऱ्यांचा. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं त्याची कलमं करून 'सिद्दू' नावानं ती दिली, आणि त्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा त्या शेतकऱ्याला देण्याचा करार केला. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यातही शेतकऱ्याला आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावानं नोंदवता येतं. असला फणस आपल्या नंदगड-लोंढ्याकडे नसेलच असं मी म्हणणार नाही. कुणी तो चाखून, नाव लिहून, काडी काढून ठेवायला पाहिजे.

नवं कलम जमिनीत लावताना जोड मातीच्या वर राहू द्यावा, आणि पश्चिमेच्या वाऱ्याला काठी द्यावी. तीन-चार महिन्यांनी प्लॅस्टिकची पट्टी पात्यानं उभी चिरून काढायचीच. ती राहिली तर खोड जाड होताना गळ्याला फास बसतो आणि चांगलं वाढलेलं कलम दुसऱ्या वर्षी वाऱ्यात बरोबर तिथेच मोडतं. माझं एक तसं मोडलं.

शेप्या परत मिळाला नाही. जांबोटीच्या बाजूला मावशीच्या शेजारी एक आंबा आहे, वासाला त्याच्या जवळ जाणारा. त्याच्या अकरा काड्या गेल्या जुलैत बांधल्या, सात फुटल्या. दोन आमच्या परड्यात आहेत, दोन मावशीकडे, एक आण्णांना दिलं, एक शाळेच्या आवारात लावलं. सातवी काडी अथणीला आत्याच्या बांधावर, जागेवरच्या रोपावर बांधलेली आहे. तिला परवा दुसरी पालवी आली, असा आत्याचा फोन होता. खालून फुटलेला धुमारा काढायला सांगितलाय.